‘एमआयडीसी फक्त ५ मिनिटांवर’ वाल्या प्लॉटिंगचा रिव्ह्यू, भाडेकरूच्या तोंडून

जळगावात अजिंठा रोडला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आणि कुसुंब्याच्या आजूबाजूला जी नवीन नवीन प्लॉटिंग पडली आहेत ना, त्यातल्या एका लेआऊटमध्ये आम्ही रो हाऊस भाड्याने घेऊन राहतो. नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी आजूबाजूच्या बाकीच्या लेआऊटना हाच रिव्ह्यू जवळपास जसाच्या तसा लागू पडतो, आणि घरमालकाशी आपलं चांगलं आहे, उगाच वाकडं कशाला घ्या. ज्यांना प्लॉट घ्यायचाय किंवा भाड्याने यायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. यूट्यूबवर ड्रोन उडवून काढलेला व्हिडिओ आहे त्यात सगळं हिरवंगार दिसतं, तो पावसाळ्यात शूट करेल आहे भो, मे महिन्यात या एकदा दुपारी दोनला.

पहिले चांगलं ते सांगते, म्हणजे नुसती बोंब मारते असं नको व्हायला. कागदपत्रं क्लिअर आहेत, एन.ए. म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर आहे, नकाशा मंजूर आहे, बँका लोन देतात. प्लॉट सरळ चौकोनी पाडेल आहेत, आतला रस्ता नऊ मीटरचा आणि सिमेंटचा. मोकळी जागा सोडेल आहे, आता ती काही कोणी मेहेरबानी केलेली नाही, साधारण एकराच्या वरचं लेआऊट असलं की दहा टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते असा नियमच आहे, पण सोडली आणि तिच्यावर गाळे नाही काढले हेही काय कमी आहे. तिथे महादेवाचं छोटं मंदिर आहे, दोन झोके आहेत, एक तुटेल आहे. पाणी बोअरचं, जरा खारट, चहाला आरओ लागतो. भाडं शहरात रामानंदनगर किंवा पिंप्राळ्याकडे आहे त्याच्यापेक्षा चांगलंच कमी. रात्री गच्चीवर झोपलं तर वारा येतो. घर म्हणून मी चार स्टार देईन, डोळे झाकून.

आता लोकेशन. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय ‘एमआयडीसी फक्त ५ मिनिटांवर’, आणि खरं सांगू का, ते खोटं नाहीये. एमआयडीसी अगदी पाठीला पाठ लावून आहे. आमच्या मागच्या लाइनीतल्या घरांच्या किचनच्या खिडकीतून एका चटई कंपनीचं शेड दिसतं, प्लास्टिकचा दाणा वितळवल्याचा वास येतो, शिफ्ट सुटली की सायरन ऐकू येतो. फक्त मधे भिंत आहे. आठ फुटी, वरती काचा. आणि त्या भिंतीला फिरून जायचं म्हटलं की लेआऊटच्या गेटातून बाहेर, मग शिवाररस्त्याने दीड किलोमीटर हायवेला, मग हायवेने मागे, मग एमआयडीसीच्या आत वळायचं आणि मग सेक्टर शोधायचा. पाच मिनिटं हे रविवारी, सकाळी, चारचाकीत, आणि गाडी चालवणारा सेल्समन.

भिंतीबद्दल थोडं जास्त सांगते कारण पूर्ण लेआऊटचं आयुष्य तिच्याभोवती फिरतं. शेवटच्या प्लॉटच्या मागे, जिथे अजून बांधकाम नाही, तिथे भिंतीला भगदाड आहे. कमरेच्या उंचीपासून खाली, वीतभर वाकडं, दोन विटा बाहेर आलेल्या त्यांच्यावर हात ठेवून ठेवून त्या गुळगुळीत झाल्यात. अलीकडून कोणीतरी सिमेंटचा ब्लॉक ठेवेल आहे पायरीसाठी, पलीकडे जुनं पॅलेट टाकेल आहे कारण पावसाळ्यात तिथे चिखल होतो. सकाळी पावणेआठला तिथे लाइन लागते, डबा आधी पलीकडे द्यायचा, मग वाकायचं. साडीवाल्या बायका आधी पदर खोचतात. भगदाड बुजवलं गेलं की थोड्या दिवसांनी परत उघडतं, कोण उघडतं ते सगळ्यांना माहितेय आणि कोणालाच माहीत नाही. यातून गेलं तर व्ही सेक्टर पायी बारा-तेरा मिनिटांवर, रस्त्याने गेलं तर गाडीशिवाय जाताच येत नाही. म्हणजे ब्रोशरमधली ‘५ मिनिटं’ खरी करून दाखवणारी एकमेव सुविधा म्हणजे ते भगदाड, आणि ते काही मंजूर नकाशात नाही.

माझं काम अकाउंट्सचं, ऑफिस एमआयडीसीतच आहे पण दुसऱ्या टोकाला, रेमंड चौफुलीच्या बाजूला, म्हणून मला भगदाडाचा उपयोग नाही. ह्यांची ड्यूटी डाळ मिलमध्ये, शिफ्ट बदलत राहते, घरात गाडी एक, ती ह्यांच्याकडे. सासूबाईंना महिन्यातून एकदा सिव्हिलला न्यावं लागतं. म्हणजे गाडी नसलेली माणसं या लेआऊटमध्ये कशी जगतात याचा अभ्यास आमच्या घरात तीन बायकांच्या तीन पिढ्या मिळून करतोय, मुलगी पाचवीत आहे आणि तिची स्कूल व्हॅन आत येत नाही, फाट्यावर उभी राहते.

शेअर रिक्षा. अजिंठा चौफुलीला उतरलं की ‘एमआयडीसी एमआयडीसी, कुसुंबा कुसुंबा’ चालूच असतं. रिक्षावाले दादा म्हणतात, “बसा ताई, एकच सीट राहिली, भरली की निघालोच,” आणि ती एक सीट म्हणजे मागे एक, पुढे दोन, आणि पुढचा दुसरा अर्धा बाहेर लटकून. परमिट तिघांचं. सगळ्यांना माहितेय. तरी मी रिक्षाला साडेतीन स्टार देणार आणि यावर कोणाशीही वाद घालायला तयार आहे, कारण सकाळी साडेसहाला, थंडीत, पावसात, संपाच्या दिवशी, उन्हात पंचेचाळीसला पारा गेलेला असताना जर कोणी या रोडला उभं राहतं तर तेच राहतात. त्यांना पाठ आहे कोणत्या कंपनीत आज ओव्हरटाइम आहे. एकदा माझा डबा राहिला होता तर दुसऱ्या दिवशी धुऊन परत दिला, आता याला काय म्हणायचं.

पण रिक्षा आपल्याला फाट्यावर सोडते. आत यायचं तर स्पेशल. मी एकदा एका काकांना विचारलंच की दीड किलोमीटरचे इतके पैसे कसे काय हो, तर म्हणे, “ताई, आत जाताना एक सीट, बाहेर येताना शून्य सीट. तुम्हीच सांगा कुठी परवडते?” आणि हे गणित एकदम बरोबर आहे, आणि हेच गणित बसलाही लागू पडतं. पूर्ण लेआऊट ‘आता सिटी बस येणार, मग सगळं सोपं होणार’ या भरवशावर बसेल आहे आणि सेल्समनसुद्धा आजकाल तेच सांगतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

तर सिटी बस. जळगावात आधी होती, मग बंद पडली हे जुन्या लोकांना आठवत असेल. आता केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना आहे, ऑगस्ट 2023 ला मंजूर झाली, तीन लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी, देशभरात 10,000 इलेक्ट्रिक बस. जळगाव 2011 च्या जनगणनेत 4 लाख 60 हजार, धुळं पावणेचार लाख, म्हणजे दोघंही बसतात त्या हिशोबात. समजा जळगावला 50 बस आल्या. केंद्राच्याच नगरविकास खात्याचे शहरी वाहतुकीचे जे निकष आहेत त्यात दर हजार माणसांमागे 0.6 बस म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, आणि 0.2 च्या खाली म्हणजे सगळ्यात खालची, चौथी श्रेणी. आमच्या 4 लाख 60 हजाराला वरच्या श्रेणीसाठी 276 बस लागतील, चौथ्या श्रेणीतून नुसतं वर यायला 92 लागतील. 50 आल्या तर 0.11. आणि ही लोकसंख्या 2011 ची. म्हणून बस आली की पहिल्या दिवशी आपल्या गल्लीत येईल असं जो सांगतो त्याला म्हणा, हिशोब मांडून दाखव.

मी मांडला, अकाउंटंट बाईला दुसरं काय येतं. समजा स्टेशनपासून अजिंठा रोडने बारा किलोमीटरचा एक रूट धरला. शहरातली बस थांबत थांबत तासाला सरासरी 18 किलोमीटर जाते असं धरू, तर एका बाजूला 40 मिनिटं, जाऊन-येऊन 80, दोन्ही टोकाला पाच-पाच मिनिटं ड्रायव्हर-कंडक्टरने चहा प्यायचा का नाही, म्हणजे 90. दर पंधरा मिनिटाला बस पाहिजे तर 90 भागिले 15, सहा बस. ठीक आहे, 50 मधल्या सहा मिळू शकतात. आता आमच्या लेआऊटवाल्यांनी निवेदन दिलं, नगरसेवकांना भेटले, आणि ती बस आत आणली. दीड किलोमीटर आत, दीड बाहेर, जाताना आणि येताना मिळून सहा किलोमीटर, त्या रस्त्याने पंधराच्या स्पीडने धरलं तर 24 मिनिटं वाढली. 90 ची झाली 114, बस तेवढ्याच सहा, म्हणजे दर पंधरा मिनिटांची बस एकोणीस मिनिटांवर गेली. शेजारचं लेआऊट म्हणेल आम्ही काय घोडं मारलंय, त्यांच्यातही न्या, झाली तेवीस. आणि पुढे जो माणूस बसलाय त्याला आमच्या लेआऊटशी काही घेणंदेणं नाही, तो दोन्ही वेळेला आमच्या महादेवाचं दर्शन घेऊन जाणार. दोन महिन्यांत तो रिक्षाने जायला लागेल. मग बस रिकामी, मग बातमी, ‘प्रवाशांअभावी फेऱ्या बंद’.

या ई-बसमध्ये पैसे किलोमीटरवर द्यायचे असतात ऑपरेटरला. केंद्र त्यातला वाटा देतं, 12 मीटर बसला किलोमीटरमागे 24 रुपये, 9 मीटरला 22, 7 मीटरला 20, बाकीचं तिकिटातून आणि महापालिकेच्या खिशातून. बस भरलेली असो का रिकामी, किलोमीटर पडला की मीटर पडला. मग महापालिका आत-बाहेर आत-बाहेर कशाला करेल, मी तिथे बसले असते तरी केलं नसतं. शिवाय 12 मीटरची बस वळवायला जवळपास 24 मीटरचं मोकळं वर्तुळ लागतं. आमचा नऊ मीटरचा रस्ता शेवटी भिंतीला जाऊन थांबतो. पाण्याचा टँकर येतो तोच रिव्हर्समध्ये बाहेर काढावा लागतो आणि सगळ्या लाइनीतली पोरं ‘येऊ द्या येऊ द्या’ करत मागे पळतात.

आता एसटी. अजिंठा रोडने सिल्लोड, संभाजीनगरकडच्या गाड्या जातात, बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, सासूबाई तर पंच्याहत्तर पार झाल्या की फुकट जाणारेत आणि त्याची त्या वाट बघताय. एसटीला दोष देण्यात अर्थ नाही, लांब पल्ल्याची गाडी ती, तिने प्रत्येक प्लॉटिंगच्या फाट्यावर ब्रेक मारत बसलं तर संभाजीनगरला उद्या पोचेल. कंपनीच्या बसचंही तेच, मोठ्या कंपन्यांकडे आहे, छोट्या चटईवाल्याकडे, डाळ मिलवाल्याकडे कुठून असणार. रात्रपाळीला बाई ठेवायची तर ने-आणीची सोय मालकाने करायची असा नियम आहे, तर त्याचा सरळ अर्थ बरेच जण असा काढतात की बाई ठेवूच नका रात्रपाळीला. जिथे बस नाही तिथे बाईचा पगार कमी असतो हे मी एवढी वर्षं पगारपत्रकं करून सांगते, ओव्हरटाइमचा कॉलम बघा फक्त.

बरं, मग चूक कोणाची? लोक म्हणतात बिल्डरची. माझ्या मते बिल्डरने त्याच्या गट नंबरमध्ये नियमात बसेल ते सगळं केलं. गोची अशी आहे की इथे नकाशे तीन आहेत. शहराचा विकास आराखडा महापालिकेचा, तो हद्दीपाशी संपतो. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, 1962 पासून आहे, 1961 च्या कायद्याने झालेली, तिच्या वसाहतीच्या आत नियोजन प्राधिकरण तीच, प्लॉटसुद्धा 95 वर्षांच्या लीजवर ती देते, आतले रस्ते तिचे. आणि हद्दीबाहेरची शेती प्रादेशिक योजनेत, तिथे रस्ता ग्रामपंचायतीचा. कायदा एकच, 1966 चा एमआरटीपी, म्हणजे राज्याचा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा, पण कामगार सकाळी घरून निघून पंचिंग करेपर्यंत तिन्ही नकाशांतून जातो आणि प्रत्येक नकाशा आपापल्या जागी बरोबर आहे. आमचा रस्ता आमच्या नकाशात मंजूर, एमआयडीसीचा रस्ता तिच्या नकाशात मंजूर, आणि दोघांच्या मधली आठ फुटी भिंत कोणाच्याच नकाशात प्रॉब्लेम म्हणून नाही. शेजारचं लेआऊट आणि आमचं लेआऊट यांच्यात पण काटेरी तार आहे, प्रत्येकाचा रस्ता आपापल्या गटापुरता, पुढे कोणाला जोडायचाच नाही. दहा जणांनी दहा गट घेतले आणि प्रत्येकाचं गेट वेगळं, मग सगळ्यांतून आरपार जाणारा एक रुंद रस्ता येणार कुठून.

याला कायद्यात उपाय नाही असंही नाही. त्याच 1966 च्या कायद्यात नगररचना योजना आहे, टीपी स्कीम म्हणतात ती. सगळ्या गटांची जमीन आधी नकाशावर एकत्र करायची, प्रत्येकाकडून थोडी थोडी कापायची, तिच्यातून सरळ रस्ते, बसची जागा, शाळेची जागा काढायची, आणि मालकाला आकाराने लहान पण रस्ता असलेला प्लॉट परत द्यायचा. गुजरातेत हे वर्षानुवर्षं चालतं, अहमदाबाद बरंचसं असंच वाढलंय, आणि सुरत इथून काय लांब आहे, आपल्याकडचे अर्धे लोक तिकडेच कामाला आहेत, त्यांना विचारा रस्ते कसे आहेत. आपल्याकडे आधी प्लॉट विकले जातात, मग घरं, मग महादेव, आणि मग सगळे मिळून म्हणतात रस्ता द्या.

आणि या अजिंठा रोडचा मला जास्त राग यासाठी येतो की हा रोड बससाठी एकदम भारी आहे. नुसती एमआयडीसी असती तर बस सकाळी खच्चून येईल आणि परत जाताना रिकामी जाईल, संध्याकाळी उलटं. पण याच एका रोडला शहर आहे, एमआयडीसी आहे, कुसुंबा आहे, विमानतळ आहे, पुढे चिंचोलीला मेडिकल हब आहे. पेशंट दुपारी जातो, त्याचे नातेवाईक डबा घेऊन संध्याकाळी जातात, शिकणारी पोरं उलट्या दिशेने. म्हणजे दोन्ही बाजूंना सीट भरू शकते, रिक्षावाल्या काकांची ‘येताना शून्य सीट’ची अडचणच राहत नाही. फक्त माणसं त्या रोडच्या जवळ राहायला पाहिजेत, चारशे-पाचशे मीटरच्या आत, म्हणजे पाच-सहा मिनिटं चालून. आणि तिथे काय आहे? रोडटच मंगल कार्यालयं, शोरूम, कंपाउंड मारून ठेवलेले रिकामे प्लॉट, भाव वाढायची वाट बघत. रोडला रिकामं आणि माणसं दीड किलोमीटर आत.

शिफ्टचं पण एक आहे. सहाला सगळ्या कंपन्या एकदम सुटतात. समजा एका वेळी बाराशे माणूस बसने जाणारं निघालं आणि एका बसमध्ये उभे धरून साठ, तर वीस बस लागतील, आणि सात वाजता त्या वीसच्या वीस उभ्या. त्याऐवजी अर्ध्या कंपन्यांनी पाचला आणि अर्ध्यांनी साडेसहाला सोडलं तर दीड तासाच्या फेरीत दहा बस तेच काम दोनदा करतील. याला एक रुपया लागत नाही, सगळे मालक एका खोलीत बसून चहा प्यायले तरी पुरे. आमच्या साहेबांना सांगून पाहिलं, ते म्हणे, “मॅडम, आपण आधी जीएसटीचं बघू.”

ज्यांना प्लॉट बघायला जायचंय त्यांच्यासाठी. सेल्समनच्या गाडीत बसू नका, चौफुलीपासून रिक्षाने जा आणि फाट्यापासून चालत, शक्यतो एप्रिलमध्ये, बरोबर घरातली सगळ्यात म्हातारी बाई किंवा पोरगं घेऊन. नकाशात बघा आपला रस्ता पुढच्या गटाला जोडलाय का भिंतीला. ‘डीपी रोड येणार आहे’, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, असं म्हणाले तर नगररचना ऑफिसात जाऊन नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा, कोणत्या नकाशात येणार, किती मीटरचा. आणि एमआयडीसीपासून किती लांब हे विचारूच नका, जिथे आज ना उद्या बस सरळ धावू शकेल त्या रोडपासून पायी किती लांब ते विचारा. दोनशे फूट कमी प्लॉट मिळाला तरी चालेल. विमानतळ जवळ आहे म्हणून उंचीची परवानगी वगैरे पण विचारून घ्या, तसं आपण दोन मजल्यांच्या वर कुठे जातोय म्हणा.

माझा मामेभाऊ धुळे जिल्ह्यात नरडाण्याला प्लॉट बघतोय, त्यालाही हेच सांगितलं. तिथे तर अजून सगळं व्हायचंय. दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरच्या आराखड्यात धुळे-नरडाणा नाव आहे, मनमाड-इंदूर रेल्वेला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली, 309 किलोमीटर, 18,036 कोटी, आणि सुरत-भुसावळ लाइनीवर नरडाणा स्टेशन आधीपासून आहेच. म्हणजे उद्या दोन लाइनी, शेजारी हायवे आणि औद्योगिक वसाहत, असं नशीब खान्देशात दुसऱ्या कुठल्या गावाला आहे? आणि भाऊ मला फोटो काय पाठवतो, तर लेआऊटचं गेट. कमान, दोन सिंह, कारंजं. मी म्हटलं दादा, सिंह राहू दे, गेटपासून स्टेशनपर्यंत फुटपाथ आहे का सांग, आणि रेल्वेच्या पलीकडच्या बाजूला जायचं तर अंडरपास कुठे ते सांग. तो म्हणे तू लई निगेटिव्ह. नरडाण्यात अजून शेतं मोकळी आहेत, गटागटाने गेटं उभी राहायच्या आत तिथे टीपी स्कीम केली तर भिंत फोडायची वेळ येणार नाही, पण हे मामेभावाला सांगून काय उपयोग, त्याला कॉर्नर प्लॉट पाहिजे.

रेटिंग लिहायचंच तर घर चार, रिक्षा साडेतीन, लोकेशन गाडीवाल्याला साडेतीन आणि बिनगाडीवाल्याला एक, ब्रोशर शून्य. भगदाडाला पाच.

आमचा अकरा महिन्यांचा करार आता संपतोय. घरात दोन्हीचा हिशोब मांडला, दुसरी गाडी घेतली तर हप्ता, पेट्रोल, इन्शुरन्स मिळून महिन्याचं जे होतं त्याच्या निम्म्यात रोडटच घराचं वाढीव भाडं बसतं, आणि सासूबाई काही स्कूटी चालवणार नाहीत. म्हणून कुसुंब्यात किंवा सुप्रीम कॉलनीच्या बाजूला, अजिंठा रोडपासून पाच मिनिटं पायी असं टू रूम-किचन कोणाला माहीत असेल तर कळवा. वरचा मजला चालेल, पाणी गोडं पाहिजे, आणि ही ‘पाच मिनिटं’ मी स्वतः चालून मोजणार आहे.